इशारा वेळेत पोहोचावा म्हणून: तातडीच्या यंत्रणेची बांधणी, पायरीपायरीने

एक शीतगृह डोळ्यांसमोर आणा. अमोनियाच्या पाइपचा एक जोड सैल होतो आणि वायू सुटतो. त्या क्षणापासून तीन कामं व्हायला हवीत: झडप आपोआप बंद होणं, आवारातला भोंगा वाजणं, आणि वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांच्या फोनवर सूचना जाणं. घटना एकच, पण तिन्ही कामांची घाई सारखी नाही.

अशा यंत्रणेची चर्चा बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होते. फाइव्ह-जी घ्यायचं की फायबर टाकायचं, क्लाउड कुणाचा, एआय कुठे बसवायचा. हे प्रश्न येतात, पण नंतर. आधी बघायचं असतं ते हे की वायू सुटल्यापासून माणूस दाराबाहेर पडेपर्यंत वेळ नेमका कुठे सांडतो. आपल्याला वाटतं तिथे तो क्वचितच सांडतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्या शोधाच्या क्रमाने लावल्या आहेत. शीतगृहाचं उदाहरण शेवटपर्यंत सोबत आहे. तुमच्यापुढे धरण असेल किंवा रुग्णवाहिका, तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## पायरी १: मुदत ठरवा, तीही शेवटाकडून

‘लवकरात लवकर’ ही मुदत नव्हे. प्रत्येक कामासमोर एक आकडा लिहा: किती उशीर झाला की ते काम केलं काय अन् न केलं काय सारखंच? शीतगृहासाठी समजा असं ठरलं की जोड सुटल्यापासून झडप १ सेकंदात, भोंगा ५ सेकंदांत, फोनवरची सूचना ६० सेकंदांत. आकड्याशेजारी आणखी एक रकाना हवा: मुदत चुकली तर काय होतं? झडपेच्या बाबतीत चूक म्हणजे थेट धोका. भोंग्याच्या बाबतीत उशिराने का होईना, वाजलेला बरा. फलकावरचा आलेख दोन मिनिटं मागे राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. या तीन जातींना एकाच तारेवर, एकाच रांगेत, एकाच प्रोसेसरवर सरसकट कोंबणं हीच पुढच्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात असते.

कधी मुदत निसर्गच ठरवतो. भूकंपाच्या प्राथमिक लहरी कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतात, आणि जास्त नुकसान करणाऱ्या दुय्यम लहरी साधारण ३.५ किलोमीटर. केंद्रापासून ७० किलोमीटरवर पहिल्या लहरी १२व्या सेकंदाच्या आसपास पोहोचतात, दुसऱ्या २०व्या. केंद्राजवळच्या मापकाने पहिल्या लहरी ओळखायच्या, निर्णय घ्यायचा आणि लोकांना सांगायचं, हे सगळं त्या विसाच्या आत बसवायचं. जपानच्या हवामान संस्थेने ऑक्टोबर २००७पासून असे इशारे सर्वसामान्यांना द्यायला सुरुवात केली. ११ मार्च २०११च्या महाभूकंपात पहिल्या मापकाला लहर जाणवल्यानंतर ८.६ सेकंदांत इशारा निघाला होता. वीस सेकंदांच्या खेळात साडेआठ सेकंद किती मोठे, हे लक्षात ठेवा.

## पायरी २: वेळेचं अंदाजपत्रक मांडा

आता घरखर्चासारखा हिशोब. एका बाजूला मुदत, दुसऱ्या बाजूला खर्चाची प्रत्येक बाब: सेन्सरला कळणं, वाचन घेणं, खात्री करणं, संदेश पाठवणं, निर्णय, पुढचा संदेश, यंत्र हलणं, माणसाच्या लक्षात येणं.

पहिला धक्का इथेच बसतो. अमोनियासाठी वापरला जाणारा विद्युत-रासायनिक सेन्सर वायूच्या खऱ्या प्रमाणाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त घेऊ शकतो. म्हणजे ज्या बैठकीत नेटवर्कच्या एका मिलिसेकंदावर तासभर खल चालतो, तिथे तीस हजार मिलिसेकंद भिंतीवरच्या डबीत चाललेले असतात. उपाय नेटवर्कमध्ये नाही. झडपेसाठी वायूच्या सेन्सरवर थांबूच नका. पाइपमधला दाब अचानक पडला की ते दाबमापकाला तत्काळ कळतं. वायूचा सेन्सर खात्रीसाठी ठेवा. जिथे परवडेल तिथे प्रकाशकिरणाच्या शोषणावरून वायू ओळखणारं यंत्र लावा, ते काही सेकंदांत सांगतं. मात्र दाबमापकाला बारीक पाझर कळणार नाही. म्हणून दोन्ही हवेत.

दुसरी गळती वाचनाच्या वारंवारतेत असते. सेन्सरला दर १० सेकंदांनी विचारायचं आणि सलग तीन वाचनं जास्त आली तरच खरं मानायचं, असा नियम कुणीतरी भलेपणाने घातलेला असतो. झाले तीस सेकंद. त्यापेक्षा वाचन सेकंदाला दहा वेळा घ्या आणि सलग पाच तपासा. खात्री अर्ध्या सेकंदात होते. एका क्षणिक झटक्याने फसायची भीती यानेही टळते.

तिसरी गळती सॉफ्टवेअरच्या डीफॉल्टांमध्ये, म्हणजे आधीपासून घालून दिलेल्या आकड्यांमध्ये, लपलेली असते आणि ती फक्त वाईट दिवशी दिसते. लिनक्स या संगणक प्रणालीवरची सर्वसाधारण व्यवस्था, नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर ५ सेकंद वाट बघते, मग पुन्हा विचारते. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरच्या नेहमीच्या जोडणीचं पहिलं पाकीट (माहितीचा छोटा तुकडा) हरवलं तर पुढचा प्रयत्न सुमारे १ सेकंदाने, मग २, मग ४. म्हणजे नेमक्या गोंधळाच्या वेळी, जेव्हा पाकिटं हरवणारच, तेव्हा नवी जोडणी उघडायला निघालेला कार्यक्रम सहज आठ-दहा सेकंद गमावतो. म्हणून तातडीच्या मार्गावर नवी जोडणी कधीच उघडायची नाही. ती आधीपासून उघडी ठेवा, दर काही सेकंदांनी त्यावरून ‘मी जिवंत आहे’ एवढा छोटा संदेश फिरवा, आणि पत्ता नावाने न शोधता आकड्यातच लिहून ठेवा. या संदेशांचा दुसरा फायदा मोठा आहे: मार्ग तुटला हे गळती झाल्यावर नव्हे, आदल्या दिवशीच कळतं.

## पायरी ३: सरासरीवर विसंबू नका

पुरवठादार सांगेल, आमच्याकडे सरासरी विलंब ४० मिलिसेकंद. त्याला नम्रपणे विचारा: हजारातला सर्वांत वाईट किती? आपलं नशीब त्या हजाराव्यावर ठरतं.

गणित सोपं आहे. एका कामात पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा १०० पैकी ९९ वेळा वेळेत होतो. पाचही वेळेत होण्याची शक्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. वीस घटनांपैकी एकीत उशीर. म्हणून टप्पे कमी करणं हे टप्पे वेगवान करण्यापेक्षा बहुधा स्वस्त आणि खात्रीचं.

दुसरं गणित रांगेचं. एकच खिडकी, येणारी कामं अनियमित. खिडकी अर्धा वेळ गुंतलेली असेल तर सरासरी कामाला त्याच्या मूळ वेळेच्या दुप्पट लागतात. ९० टक्के गुंतली तर दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. आणीबाणीत सगळे एकदम बोलायला लागतात, त्यामुळे रोजच्या दिवशी ६० टक्के भरलेली यंत्रणा त्या दिवशी कुठे असेल, याचा अंदाज करा. यावर दोन उपाय आहेत. पहिला, तातडीच्या संदेशांना वेगळी रांग आणि बाकीच्यांना गरज पडली तर सरळ टाकून द्यायची मुभा. कॅमेऱ्याचं चित्र धूसर झालं तरी चालेल, झडपेचा हुकूम थांबता कामा नये. दुसरा, न पोहोचलेला संदेश पुन्हा पाठवताना प्रत्येक यंत्राने थोडं वेगवेगळं, यादृच्छिक थांबायचं आणि दर वेळी ते थांबणं वाढवायचं. नाहीतर पाचशे यंत्रं एकाच ठोक्याला पुन्हा दार ठोठावतात आणि दार कायमचं अडतं.

## पायरी ४: निर्णय कुठे घ्यायचा ते ठरवा

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत दूरच्या क्लाउडवर विसंबणाऱ्या झडपेची होते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १,५०० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १५ मिलिसेकंद. हे फार नाही, आणि खरा आक्षेप तो नाहीच. वाटेतला कुठलाही राउटर, कुठलंही खोदकाम, कुणाचंही अपडेट आपल्या झडपेच्या आणि निर्णयाच्या मध्ये उभं राहतं, हा आक्षेप आहे.

वाटणी अशी करा. झडपेचा निर्णय झडपेशेजारच्या नियंत्रकात, नेटवर्कशिवाय. भोंग्याचा निर्णय ‘एज’ संगणकात, म्हणजे क्लाउडऐवजी आवारातच बसवलेल्या संगणकात. तो अनेक सेन्सर एकत्र बघू शकतो. वायू कुठल्या वस्तीकडे जाईल याचं गणित, नकाशे, इतिहास, अहवाल हे क्लाउडमध्ये. वरचा थर गेला तर खालच्याने आपलं काम विनातक्रार करत राहावं, ही कसोटी.

नियंत्रकातलं सॉफ्टवेअर ‘वेगवान’ असण्यापेक्षा ‘ठरल्या वेळेचं’ असावं लागतं. फ्रीआरटॉससारखी छोटी रिअल-टाइम प्रणाली यासाठीच असते. लिनक्समध्येही पूर्ण रिअल-टाइम सोय आता वेगळी पॅच न लावता मिळते. ती २०२४च्या ६.१२ आवृत्तीत मुख्य प्रवाहात आली. ज्या भाषांमध्ये स्मृतीची सफाई अधूनमधून सगळं थांबवून होते, त्या भाषा या थरात टाळा.

प्राधान्यक्रम लावला की झालं, असंही नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार स्वतःला रीसेट करत होतं. कारण असं: हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक सामाईक कुलूप (एका वेळी एकाच कामाला माहिती वापरू देणारं) धरलं, बऱ्याच जास्त महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी थांबलं, आणि मधल्या प्राधान्याच्या कामांनी प्रोसेसर अडवल्यामुळे कुलूप सोडायला पहिल्याला वेळच मिळेना. पहारेकरी टायमरला वाटलं यंत्र अडकलं, आणि त्याने रीसेट मारला. इंजिनिअरांनी पृथ्वीवरून एक बदल पाठवला: कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वरचं प्राधान्य उसनं द्यायचं. ही सोय प्रणालीत होतीच, फक्त बंद ठेवलेली होती. तुमच्या नियंत्रकात ती चालू आहे का, ते आजच बघा. आणि पहारेकरी टायमर नसेल तर तो लावा. त्याच्यामुळेच पाथफाइंडर अडकून न पडता पुन्हा पुन्हा उभं राहत होतं.

एआयची जागा एज थरात आहे. कॅमेऱ्यातला धूर किंवा कोसळलेला माणूस ओळखणारं मॉडेल ३२ बिटांऐवजी ८ बिटांच्या आकड्यांत बसवलं की ते चौथाई जागेत मावतं आणि छोट्या प्रोसेसरवरही चालतं. पण त्याला साक्षीदार ठेवा, न्यायाधीश करू नका. झडप दाबमापकाच्या साध्या मर्यादेवरच बंद होऊ द्या, कारण तो नियम दोन ओळींत लिहिता येतो आणि कुणालाही तपासता येतो.

## पायरी ५: मार्ग निवडा, आणि दुसरा मार्ग खरंच दुसरा आहे का ते तपासा

आवाराच्या आत तार सर्वांत उत्तम, यात मला तरी शंका नाही. इथरनेटवरच्या कालसंवेदी मानकांनी आता दोन गोष्टी दिल्या आहेत. एकात ठरावीक क्षणी तातडीच्या पाकिटांसाठी फाटक उघडतं आणि बाकीची वाहतूक तेवढ्यापुरती अडते. दुसऱ्यात प्रत्येक पाकिटाची प्रत दोन वेगळ्या वाटांनी पाठवली जाते. जी आधी पोहोचेल ती घ्यायची, मागची फेकायची. एक तार तुटली तरी एक मिलिसेकंदही वाया जात नाही, कारण ‘तुटलं, आता दुसरीकडे वळा’ हा टप्पाच उरत नाही.

बिनतारीसाठी फाइव्ह-जीचं नाव पुढे येतं. त्याच्या अतिविश्वासार्ह प्रकाराचं आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट असं आहे: ३२ बाइटांचं पाकीट रेडिओच्या टप्प्यात १ मिलिसेकंदात, ९९.९९९ टक्के वेळा. आकडा खरा आहे, पण तो खिशातल्या फोनच्या जाहीर नेटवर्कला लागू नाही. तिथे दहा-वीस-पन्नास मिलिसेकंद आणि कधी त्याहून बरंच जास्त असं चालतं. हे उद्दिष्ट गाठायचं तर आपल्या आवारापुरतं खासगी नेटवर्क, जवळच बसवलेला त्याचा गाभा आणि राखीव वाहिनी लागते. फिरती यंत्रं, क्रेन, रोबो असतील तर हा खर्च समजण्यासारखा. स्थिर झडपेसाठी तार टाका.

लांबवर विखुरलेल्या सेन्सरांसाठी लोरा हा रेडिओचा प्रकार चांगला: कमी वीज, किलोमीटरभर पल्ला, स्वतःचं जाळं. पण त्याचा स्वभाव ओळखा. १० बाइटांचा संदेश जवळच्या, वेगवान मांडणीत सुमारे ६० मिलिसेकंदांत जातो. सर्वांत लांब पल्ल्याच्या मांडणीत तोच संदेश दीड सेकंद हवेत असतो. त्यात युरोपच्या ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यासारखी एकूण वेळेच्या एक टक्काच बोलण्याची मर्यादा असेल तर दीड सेकंद बोलून पुढची अडीच मिनिटं गप्प बसावं लागतं. रोज ‘सगळं ठीक’ सांगण्यात हा वाटा संपवून टाकला, तर आणीबाणीत तोंड बांधलेलं असतं. मेशटास्टिकसारखी लोरावरची मुक्त जाळी माणसांमधल्या छोट्या मजकुरासाठी झकास आहेत, संदेश डीफॉल्टने तीन उड्या घेतो. पण पोहोचण्याची मुदत त्यात कुणी देत नाही. तिथे झडप बांधू नका.

मग उपग्रह. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली मिळून जवळपास अर्धा सेकंद भौतिकशास्त्रच खातं. ५५० किलोमीटरच्या आसपासच्या खालच्या कक्षेतल्या ताफ्यांनी हे वीस-पन्नास मिलिसेकंदांवर आणलं. नोव्हेंबर २०२२मध्ये ॲपलने काही आयफोनांवर टॉवरशिवाय, थेट उपग्रहातून मदतीचा संदेश पाठवण्याची सोय सुरू केली, आणि त्याच वर्षी मोबाइल मानकांच्या सतराव्या आवृत्तीत उपग्रह जोडणी अधिकृत झाली. मात्र यासाठी मोकळं आकाश लागतं. तळघरातला माणूस त्याने वाचत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. दोन मार्ग ९९ टक्के भरवशाचे असतील आणि खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम जाण्याची शक्यता दहा हजारात एक. ‘खरोखर स्वतंत्र’ हे दोन शब्द फार महाग आहेत. दोन कंपन्यांची सिम घेतली म्हणजे दोन मार्ग झाले असं नाही. दोघांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर, मागची फायबर एकाच चरातून, आणि वीज एकाच खांबावरून असू शकते. १५ जानेवारी २०२२च्या ज्वालामुखी स्फोटात पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाला जगाशी जोडणारी एकुलती समुद्रतळाची केबल तुटली, आणि ती जोडायला पाच आठवड्यांच्या आसपास लागले. कागदावर प्रत्येक मार्गाची चर, मनोरा, वीजजोड आणि इमारतीत शिरण्याची जागा लिहा. एकही शब्द दोनदा आला, तर तुमच्याकडे दीडच मार्ग आहे.

विजेचं थोडक्यात: साखळीतलं सर्वांत कमी तास टिकणारं उपकरण हाच संपूर्ण यंत्रणेचा बॅकअप. बहुधा ते कोपऱ्यातलं पाच पोर्टांचं स्विच असतं, ज्याला कुणी यूपीएसवर घेतलेलं नसतं.

## पायरी ६: घड्याळं जुळवा

दोन सेन्सरांपैकी आधी कोण बोललं यावरून गळतीची जागा कळते, म्हणून घड्याळ हा सजावटीचा भाग नाही. घड्याळातला साधा क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत २० इतका चुकला तरी दिवसाला १.७ सेकंद सरकतो. इंटरनेटवरून वेळ घेणारी नेहमीची पद्धत काही मिलिसेकंदांपर्यंत जुळवते, बऱ्याच ठिकाणी ते पुरतं. कालसंवेदी इथरनेट वापरणार असाल तर हार्डवेअरच्या मदतीने मायक्रोसेकंदाच्या आत जुळवणारी पीटीपी ही पद्धत लागेल. आणि मुदत मोजायला भिंतीवरच्या वेळेचं घड्याळ कधीही वापरू नका, कारण ते मागे-पुढे केलं जातं. ३० जून २०१२ रोजी जगाच्या वेळेत एक लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला वाढवलेला सेकंद) घातला गेला, तेव्हा कित्येक लिनक्स सर्व्हर गुदमरले होते. प्रोग्रॅममध्ये फक्त पुढेच जाणारं एकदिश घड्याळ असतं, मुदतीसाठी ते घ्या.

## पायरी ७: लोकांपर्यंत कसं पोहोचायचं

हजारो लोकांना एसएमएस पाठवणं म्हणजे हजारो वेगळी पत्रं एका टपालपेटीत टाकणं. नेटवर्क आधीच तुडुंब, त्यात ही भर. काही जणांना सूचना अर्ध्या तासाने मिळते, वरातीमागून घोडं. सेल ब्रॉडकास्ट वेगळं आहे. मनोरा एकदाच बोलतो आणि त्याच्या परिसरातले सगळे फोन ऐकतात. फोन दहा असोत की दहा हजार, भार तेवढाच. कुणाचा फोन नंबर माहीत असावा लागत नाही, आणि पाहुणा म्हणून आलेल्यालाही सूचना मिळते. ही वाहिनी सरकारी यंत्रणेच्या हाती असते, म्हणून आपलं काम तिच्या दारापर्यंत योग्य स्वरूपात संदेश नेणं. त्यासाठी कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल हे ठरलेलं स्वरूप आहे, त्याची १.२ आवृत्ती २०१०ची. त्यात तातडी, गंभीरता आणि खात्री हे तीन रकाने वेगळे आहेत, संदेश खरा आहे की सराव हेही वेगळं, आणि आधीच्या संदेशात सुधारणा किंवा तो रद्द करणं हेही. हे रकाने आळसाने डीफॉल्टवर सोडू नका.

मजकूर आधी लिहून ठेवा. एसएमएसच्या एका भागात १४० बाइट मावतात. इंग्रजीत १६० अक्षरं, पण देवनागरीत फक्त ७०, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. सत्तरात बसवा: ‘अमोनिया गळती. दारं-खिडक्या बंद करा. बाहेर पडू नका.’ नेमकं काय करायचं ते पहिल्या ओळीत. ‘नागरिकांना सूचित करण्यात येते की’ याला जागा नाही.

रद्द करण्याचा मजकूरही तयार हवा. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा इशारा लोकांच्या फोनवर गेला. तो चूक असल्याचं सांगणारा संदेश त्याच मार्गाने यायला ३८ मिनिटं लागली, कारण मागे घेण्याचा तयार मसुदाच नव्हता.

प्रत्येक संदेशावर संपण्याची वेळ घाला. एमक्यूटीटीसारखी संदेशवाहक पद्धत जोडणी तुटल्यावर संदेश साठवून ठेवते आणि जोडणी आली की पोहोचवते. तीन तासांपूर्वीचा ‘झडप बंद करा’ तेव्हा पोहोचला तर नवाच घोळ. पाचव्या आवृत्तीत संदेशाला आयुष्य देण्याची सोय आहे, ती वापरा.

## पायरी ८: लांडगा आला रे आला

एखादा सेन्सर सरासरी १,००० दिवसांतून एकदा उगीच ओरडतो असं धरा. छान वाटतं. असे ४० लावले की दर २५ दिवसांनी खोटा भोंगा. चौथ्या महिन्यात लोक चहाचा कप खाली ठेवत नाहीत, आणि सहाव्या महिन्यात कुणीतरी भोंग्याची तार काढून ठेवतो. म्हणून महत्त्वाच्या जागी तीन सेन्सर आणि तिघांपैकी दोघांचं एकमत, हा जुना नियम अजूनही सर्वांत कामाचा. एक खोटं बोलला तरी भोंगा वाजत नाही, आणि एक मेला तरी इशारा अडत नाही.

माणसाची संमती कुठे घ्यायची? जिथे मुदत सेकंदांची आहे तिथे घेऊ नका. जिथे मिनिटांची आहे तिथे घ्या, पण उलट्या पद्धतीने: कंट्रोल रूमच्या पडद्यावर प्रश्न येतो, आणि २० सेकंदांत कुणी ‘थांबा’ म्हटलं नाही तर सूचना आपोआप निघते. ‘हो’ म्हणायला खुर्चीत कुणी असेलच, या गृहीतकावर यंत्रणा उभी करू नका.

खोटा इशारा मुद्दामही येऊ शकतो. ७ एप्रिल २०१७च्या रात्री अमेरिकेतल्या डॅलस शहराचे दीडशेहून अधिक भोंगे कुणीतरी बनावट रेडिओ संकेताने वाजवले. हुकमाची सही तपासल्याशिवाय भोंगा वाजता कामा नये. अडचण अशी की प्रचलित डिजिटल सही ६४ बाइटांची, आणि लोराच्या लांब पल्ल्याच्या मांडणीत अख्खा संदेशच ५१ बाइटांचा. तिथे सामाईक किल्लीने काढलेली काही बाइटांची खूण आणि चढता क्रमांक, एवढं ठेवा. जुना संदेश पकडून पुन्हा वाजवणारा क्रमांकावरच अडतो.

## पायरी ९: मोडून बघा

कागदी तपासणीवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. एका सरावात आम्ही सगळं व्यवस्थित केलं होतं: दुहेरी तार, यूपीएसवर नियंत्रक, तीन सेन्सर. मुख्य वीज घालवली. नियंत्रकाने ०.८ सेकंदात भोंग्याला हुकूम दिला, नोंदीत तसं हिरवं टिंबही आलं. भोंगा गप्प. तो भिंतीवरच्या साध्या प्लगवर होता. तेव्हापासून मी हुकूम गेल्याची नोंद मोजत नाही, भोंग्याशेजारच्या मायक्रोफोनला आवाज आला की घड्याळ थांबवतो. झडपेचंही तसंच: ‘बंद करा’ म्हटल्याची नव्हे, दांडा टोकाला टेकल्याची खूण हवी.

तर क्रम असा ठेवा. आवारात आणि कंट्रोल रूमला आधी कळवा की सराव आहे, आणि संदेशातला ‘सराव’ हा रकाना स्वतः डोळ्यांनी तपासा. मग सेन्सरजवळ चाचणीचा वायू सोडा आणि दाबमापकाला खोटं वाचन द्या, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. एक तार काढा. पुढच्या वेळी मुख्य वीज. त्यापुढे बाहेरचं इंटरनेट. त्यानंतर वेळ देणारा सर्व्हर. सगळ्यात शेवटी, सगळे कॅमेरे पूर्ण दर्जाने चालू असताना आणि पन्नास जण फोनवर व्हिडिओ बघत असताना हेच पुन्हा करा. दर वेळी तिन्ही मुदतींसमोर प्रत्यक्ष आलेला सर्वांत वाईट आकडा दुसऱ्या पायरीच्या अंदाजपत्रकात लाल शाईने लिहा. पहिल्या सरावात अर्धे रकाने लाल होतील. कुठलं उपकरण घ्यायचं याची बैठक त्यानंतर बोलवा, आणि ती वही टेबलावर ठेवा.